बहुमितीय सारणी आणि भाषासामग्रीची मांडणी : एक परीक्षण

भाषाभ्यासाची सामग्री आता संकेतस्थळावर मांडली जाते. हे काम बहुधा संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यावर सोपविलेले असते, आणि तो ज्या साधनाचा आश्रय सर्वप्रथम घेतो ते म्हणजे बहुमितीय सारणी. संगणकाच्या बोलीत मल्टिडायमेन्शनल अ‍ॅरे. या साधनाची उपयुक्तता निर्विवाद आहे. परंतु सारणीच्या प्रत्येक मितीमागे एक वर्गीकरण असते आणि प्रत्येक वर्गीकरणामागे एक सिद्धान्त असतो, याचे भान मात्र क्वचितच ठेवले जाते. आज्ञावलीकार ती तांत्रिक बाब समजतो, भाषाभ्यासक ती आपल्या अभ्यासाबाहेरची समजतो, आणि दोघांच्या मधोमध सामग्रीचा अर्थ बदलून जातो. प्रस्तुत लेखात या प्रघाताचे परीक्षण करण्याचा हेतू आहे.

प्रारंभी एक स्वानुभव नमूद करणे आवश्यक आहे, कारण या लेखाचे प्रयोजन त्यातूनच निर्माण झाले. जालना जिल्ह्यातील आठ तालुक्यांमधून प्रत्येकी दोन, अशा सोळा गावांतून आम्ही काही शब्द व रूपे जमविली होती. तालुके वर्णानुक्रमाने लावले होते : अंबड, घनसावंगी, जाफराबाद, जालना, परतूर, बदनापूर, भोकरदन, मंठा. गावांची एक यादी आणि प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरांची दुसरी यादी, अशी मांडणी असून, गावाचा जो क्रमांक तोच त्याच्या उत्तराचा क्रमांक, एवढाच दोन्ही याद्यांमधील दुवा होता. अंबड तालुक्यातील दुसऱ्या गावी 'मला' या रूपाविषयीचे उत्तर मिळालेले नव्हते. ते घर रिकामे होते. आज्ञावलीने रिकामी घरे गाळली आणि उरलेल्यांना पुन्हा अनुक्रमांक दिले. परिणामी पुढचे प्रत्येक उत्तर एकेक गाव मागे सरकले. जाफराबाद तालुक्यातील पहिल्या गावी नोंदलेले 'मले' हे रूप घनसावंगी तालुक्यातील दुसऱ्या गावापुढे जाऊन बसले.

जाफराबाद हा तालुका बुलढाणा जिल्ह्याला लागून आहे. तेथे वऱ्हाडी वळणाचे 'मले' आढळावे यात नवल नाही. घनसावंगी मात्र जिल्ह्याच्या दक्षिणेस, गोदावरीच्या अंगाला आहे. वऱ्हाडीचा प्रभाव गोदातीरापर्यंत पोहोचला आहे, असे अनुमान त्या कोष्टकावरून एका विद्यार्थिनीने काढले आणि आपल्या प्रबंधिकेचे एक प्रकरण त्यावर उभारण्यास प्रारंभ केला. पडताळणीसाठी ती त्या गावी पुन्हा गेली असता तेथील एका वृद्धेने तिला सांगितले, "नाही लेकी, असं इथं कुणी म्हणत न्हाई, ते तिकडं वरल्या अंगाला." एका वाक्याने प्रकरण कोसळले. सोळापैकी अखेरचे, म्हणजे मंठा तालुक्यातील दुसरे गाव कोष्टकात रिकामे दिसत होते. तेथे तर आम्ही सर्वजण दिवसभर होतो. परंतु ती रिकामी जागा कोणालाच खटकली नव्हती. उत्तरांची एकूण संख्या बरोबर जुळत होती, म्हणून कोष्टकही बरोबर आहे असे आम्ही मानले. दोष सर्वस्वी आमचा होता.

हा दोष निष्काळजीपणाचा होता असे म्हणून विषय संपविता येईल. परंतु तो ज्या मुळातून उद्भवला ते मूळ अधिक खोल आहे. त्यासाठी सारणी म्हणजे काय हे प्रथम पाहिले पाहिजे.

संगणकाची स्मृती ही एकमितीय असते. तिच्यात एकापुढे एक अशा जागा असतात. ओळी आणि रकाने तिला ठाऊक नसतात. दोन किंवा तीन मितींची सारणी ही त्या सरळ रेषेवर केलेली एक कल्पना आहे. प्रत्येक घराचे स्थान गणिताने काढता येते, म्हणून ती कल्पना फलद्रूप होते. १९५७ साली आलेल्या फोरट्रान भाषेत तीन मितींपर्यंतच्या सारण्यांची सोय होती. तेव्हापासून ही कल्पना संगणकाच्या व्यवहारात रूढ आहे.

भाषाभ्यासकाला मात्र ती परकी वाटू नये. पाणिनीच्या अष्टाध्यायीतील ३.४.७८ या सूत्रात तिङ् प्रत्ययांची जी यादी आहे ती सरळ एका ओळीत दिलेली आहे. प्रत्यय अठरा. ही ओळ कशी वाचावयाची हे अन्यत्र, पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादातील सूत्रांनी सांगितले आहे : पहिले नऊ परस्मैपदाचे, पुढचे नऊ आत्मनेपदाचे, प्रत्येक नवकातील तीन त्रिके अनुक्रमे प्रथम, मध्यम व उत्तम या पुरुषांची, आणि प्रत्येक त्रिकातील तीन प्रत्यय अनुक्रमे एकवचन, द्विवचन व बहुवचन यांचे. पद, पुरुष व वचन अशा तीन मितींची, दोन गुणिले तीन गुणिले तीन घरांची ही सारणी आहे. फक्त ती एका रेषेत लिहिलेली आहे. मोजणी शून्यापासून केली तर आत्मनेपदासाठी १, मध्यम पुरुषासाठी १ व बहुवचनासाठी २ हे निर्देशांक येतात. नऊ गुणिले एक, अधिक तीन गुणिले एक, अधिक दोन, म्हणजे चौदा. शून्यापासून चौदावा, अर्थात यादीतील पंधरावा प्रत्यय 'ध्वम्' हा होय. संगणक बहुमितीय सारणीतील घर ज्या रीतीने शोधतो ती रीत नेमकी हीच आहे.

याहून बोधप्रद गोष्ट ४.१.२ या सूत्रातील सुप् प्रत्ययांच्या यादीत आढळते. एकवीस प्रत्ययांच्या त्या यादीत 'भ्याम्' तीनदा आला आहे. 'भ्यस्' व 'ओस्' प्रत्येकी दोनदा. लाघवासाठी ख्यात असलेल्या सूत्रकाराने ही पुनरुक्ती का पत्करली? कारण येथे स्थान हाच अर्थ आहे. एक 'भ्याम्' गाळला की त्यापुढील प्रत्येक प्रत्यय एक घर मागे सरकला असता आणि चतुर्थीचे रूप तृतीयेत गेले असते. आमच्या सोळा गावांच्या बाबतीत जे घडले ते टाळण्याची तजवीज या यादीत आहे. ज्या मांडणीत स्थानावरून अर्थ ठरतो, तेथे कोणतेही घर गाळावयाचे नसते. सारणीचा हा पहिला नियम होय.

आता संकेतस्थळांच्या भाषांकडे वळू. पीएचपी आणि जावास्क्रिप्ट या दोन्ही भाषा १९९५ साली प्रसिद्ध झाल्या व आजही सर्वत्र वापरात आहेत. या भाषांतील तथाकथित बहुमितीय सारणी फोरट्रानमधल्या अर्थाने बहुमितीय नाही. ती सारणीच्या आत सारणी, त्या आतल्या सारणीत आणखी एक सारणी, अशी पेटीत पेटी असते. त्यामुळे आतल्या प्रत्येक सारणीची लांबी वेगळी असू शकते. पीएचपीत तर घराला क्रमांकाऐवजी नावही देता येते. किंबहुना तेथील सारणी ही मूलतः क्रमबद्ध अशी नाव-मूल्यांची जोडयादीच आहे. या स्वातंत्र्याचे लाभ मोठे आहेत. 'घनसावंगी' या नावाखाली 'मला' हे उत्तर ठेवले, तर कितीही घरे गाळली तरी ते त्याच नावाखाली राहील. आम्ही क्रमांकांऐवजी नावे वापरली असती तर उपरिनिर्दिष्ट अनर्थ टळला असता.

परंतु नावांचाही एक फसवा प्रकार आहे. आकड्यांनीच लिहिलेले नाव पीएचपी आपण होऊन संख्येत बदलते. '२७' हे नाव २७ या संख्येशी एक होते, परंतु '०२७' हे नाव नावच राहते. एकाच राज्याचा संकेतांक दोघांनी दोन रीतींनी लिहिला की एका राज्याची दोन राज्ये होतात. शिवाय संकेतांक चिरस्थायी असतात असेही नाही. २००१ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याचा क्रमांक १८ होता, २०११ मध्ये तो ५१४ झाला. क्रमांकाला नाव समजण्याची चूक येथे वेगळ्या वेषात परत येते.

याहून गंभीर प्रश्न रिकाम्या घरांचा आहे, आणि तो तंत्राचा नसून भाषाविचाराचा आहे. मराठीतील 'जाणे' या क्रियापदाच्या भूतकाळी रूपांचे उदाहरण घ्या. पुरुष तीन, वचने दोन, लिंगे तीन. म्हणजे अठरा घरे. तृतीय पुरुषात सहाही घरे भरतात : गेला, गेली, गेले, गेले, गेल्या, गेली. प्रथम पुरुषी एकवचनात पुरुष 'गेलो' म्हणतो व स्त्री 'गेले' म्हणते. नपुंसकलिंगाला तेथे बोलणाराच सहसा नसतो. अनेकवचनात 'आम्ही गेलो' हे एकच रूप लिंगभेद मानीत नाही. द्वितीय पुरुषात 'गेलास' व 'गेलीस' यांत भेद आहे, 'गेलात' या रूपात तो नाही. अठरा घरांच्या चौकोनी सारणीत ही सामग्री कोंबली, की प्रथम पुरुषी अनेकवचनाच्या तीन घरांत 'गेलो' तीनदा लिहावे लागते, किंवा एकदा लिहून दोन घरे रिकामी ठेवावी लागतात. पहिल्या पर्यायात नसलेला लिंगभेद असल्याचा भास होतो. दुसऱ्यात असलेले रूप नसल्याचा भास होतो. 'गेले' हे रूप तर लेखी भाषेत तीन निराळ्या घरांत आढळते : स्त्रीने स्वतःविषयी बोलताना, नपुंसकलिंगी एकवचनात व पुल्लिंगी अनेकवचनात. सारणीच्या घरांची संख्या आणि भाषेतील भेदांची संख्या एक नव्हे, हे येथे स्पष्ट होते.

हाच आक्षेप आपल्या शालेय व्याकरणातील विभक्तींच्या कोष्टकावर घेता येतो. संस्कृतच्या नमुन्यावर आठ विभक्तींच्या आठ ओळी आखल्या जातात; त्यांतील द्वितीया व चतुर्थी यांचे प्रत्यय बहुतांशी तेच असतात, आणि प्रथमेच्या ओळीत प्रत्ययच नसतो. शिवाय 'घोडा' या शब्दाचे प्रत्ययापूर्वी 'घोड्या-' असे जे सामान्यरूप होते, त्याला या कोष्टकात जागाच नाही, कारण ते कोणत्याही एका घराचे नसून अनेक घरांना समान आहे. कोष्टकाने भाषेला आकार दिला. भाषेने कोष्टकाला दिला नाही. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली व मोरो केशव दामल्यांचे शास्त्रीय व्याकरण १९११ साली प्रसिद्ध झाले. या दीर्घ परंपरेत विभक्तींच्या संख्येविषयी वाद झाले. संकेतस्थळासाठी सारणी आखणाऱ्याने मात्र तो वाद आपल्या नकळत एका बाजूने निकालात काढलेला असतो.

रिकाम्या घराचे निदान चार अर्थ संभवतात. पहिला, तेथे रूप असूच शकत नाही. दुसरा, रूप आहे, पण त्याचा प्रत्यय शून्य आहे. तिसरा, तो प्रश्न विचारलाच गेला नाही. चौथा, प्रश्न विचारला, परंतु उत्तर मिळाले नाही. पाणिनीय परंपरेने न दिसणाऱ्या घटकाला 'लोप' ही संज्ञा देऊन अभावालाही नाव दिले. आमच्या सारण्यांत मात्र चारही अभाव एकाच कोऱ्या जागेने दर्शविले जातात, आणि कधी कधी ती कोरी जागा शून्य या संख्येत बदलून बेरजेतही मिळविली जाते. अंबडच्या त्या घरात 'उत्तर मिळाले नाही' एवढे शब्द लिहिले असते, तर ते घर रिकामे ठरले नसते आणि गाळलेही गेले नसते.

येथपर्यंत घरांचा विचार झाला. मितींचा विचार त्याहून महत्त्वाचा आहे. जनगणनेची मातृभाषाविषयक कोष्टके हे आपल्या परिचयातील बहुमितीय सारणीचे सर्वांत मोठे उदाहरण होय. मातृभाषा, प्रदेश, ग्रामीण-नागर भेद आणि स्त्री-पुरुष भेद अशा तिच्या चार मिती आहेत. यांतील मातृभाषेची मिती कशी सिद्ध झाली हे पाहण्यासारखे आहे. २०११ च्या गणनेत लोकांनी सांगितलेली मातृभाषांची नावे १९,५६९ होती. छाननीनंतर त्यांतून १,३६९ मातृभाषा निश्चित करण्यात आल्या. १,४७४ नावांचे वर्गीकरण होऊ शकले नाही. अखेरीस दहा हजार वा त्याहून अधिक भाषक असलेल्या मातृभाषा १२१ भाषांच्या शीर्षकांखाली विभागण्यात आल्या. ज्यांचे भाषक देशभरात दहा हजारांहून कमी, त्या मातृभाषा 'इतर' म्हणून गणल्या गेल्या.

हे वर्गीकरण अपरिहार्य होते, हे मान्य केले पाहिजे. वीस हजार नावांचे कोष्टक कोणी वाचू शकत नाही. परंतु त्याचे परिणामही पाहिले पाहिजेत. जालना जिल्ह्यातील तांड्यांवर बोलली जाणारी बंजारा भाषा या कोष्टकात 'बंजारी' आणि 'लमाणी-लंबाडी' अशा दोन नावांनी विभागली जाते, आणि ही दोन्ही नावे 'हिंदी' या शीर्षकाखाली येतात. कैकाडी तमिळखाली आहे, वडारी तेलुगूखाली, मालवणी कोकणीखाली. यांतील प्रत्येक निर्णयाविषयी भाषाशास्त्रीय मतभेद संभवतात. संकेतस्थळावर ही सामग्री 'भाषा, तिच्यात मातृभाषा, तिच्यात जिल्हा' अशा पेटीत पेटीच्या सारणीत ठेवली, तर तो वादग्रस्त निर्णय सांगाड्याचाच भाग होतो. मंठा वा परतूर तालुक्यात बंजारा भाषक किती, असा साधा प्रश्न विचारणाऱ्याला प्रथम 'हिंदी' हे दार उघडावे लागते. ज्याला ते दार ठाऊक नाही त्याला उत्तर 'शून्य' असे मिळते. तांड्यावरच्या शाळेत पहिलीच्या मुलांना कोणत्या भाषेतून समजावून सांगावे, याचा विचार करणाऱ्या शिक्षकाला ते शून्य दिसले, तर ते केवळ तांत्रिक वैगुण्य राहत नाही.

प्रदेशाची मिती तरी स्थिर असते काय? जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वीचे त्याचे बहुतेक तालुके औरंगाबाद जिल्ह्यात, आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, होते. परतूर परभणी जिल्ह्यात होता. स्थापनेच्या वेळी तालुके पाच होते, आज आठ आहेत. १९६१ व १९७१ च्या कोष्टकांत 'जालना' ही जिल्ह्याची ओळ नाही. काल ही पाचवी मिती जोडून या सर्व गणना एका सारणीत बसविल्या, तर या जिल्ह्यात १९८१ पूर्वी कोणीच राहत नव्हते, असे ती सारणी निर्विकारपणे सांगेल.

मग उपाय काय? १९७० साली एडगर कॉड यांनी सामग्रीच्या संबंधाधिष्ठित मांडणीचा जो विचार मांडला, त्यातून एक सरळ नियम मिळतो : एक निरीक्षण, एक नोंद. प्रत्येक नोंदीत गाव, तालुका, तारीख, बोलणाऱ्याचे वय, प्रश्न, मिळालेले रूप आणि ते न मिळाल्यास त्याचे कारण, हे सर्व स्पष्ट नावांनी असावे. बोलणाऱ्याने आपल्या भाषेचे जे नाव सांगितले ते तसेच ठेवावे. अभ्यासकाने केलेले वर्गीकरण निराळ्या रकान्यात, वर्गीकरण करणाऱ्याच्या नावासह असावे. असे केल्यास कोणीही आपल्या प्रश्नाला अनुरूप अशी सारणी त्या नोंदींतून तयार करू शकतो. एकाने गावानुसार करावी, दुसऱ्याने रूपानुसार. सारणी तेव्हा साठवणीचे पात्र न राहता वाचनाची रीत होते.

याविरुद्ध असे म्हणता येईल की अशा नोंदींत गावाचे नाव शेकडो वेळा लिहावे लागते, आणि पृष्ठ दाखविताना संगणकाला अधिक श्रम पडतात. पहिल्या आक्षेपाला सूत्रकाराने तीनदा लिहिलेला 'भ्याम्' हे उत्तर आहे. दुसरा आक्षेप खरा आहे. परंतु म्हणूनच दाखविण्यापुरती बहुमितीय सारणी तयार करून ठेवावी. तेथे ती शोभते आणि तेथे तिला पर्यायही नाही. आठ तालुक्यांतील 'मला' आणि 'मले' यांची तुलना नोंदींच्या लांबलचक यादीतून डोळ्यांना होणार नाही. ती ओळी-रकान्यांतूनच होईल. डेक्कन महाविद्यालय व राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोलीसर्वेक्षणाची सामग्री संकेतस्थळावर नकाशांसह उपलब्ध झाली आहे. अशा नकाशामागेही रूप व स्थान यांची सारणीच असते, आणि बोलींचे वैविध्य एका दृष्टिक्षेपात दाखविण्याचे तिचे सामर्थ्य वादातीत आहे. आक्षेप सारणीवर नाही. तिलाच मूळ सामग्री समजण्यावर आहे.

आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना यापुढे बोलींची सामग्री संगणकावर मांडावी लागणार, हे निश्चित. त्यांनी आज्ञावली लिहिण्यास शिकावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. परंतु सारणी आखली जात असताना त्यांनी तेथे उपस्थित असले पाहिजे, आणि तीन प्रश्न विचारले पाहिजेत : ही मिती कोणी ठरविली? हे घर रिकामे का आहे? आणि हे रूप ज्याच्या तोंडचे म्हणून लिहिले आहे, त्याने ते खरोखरच उच्चारले होते काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर संगणकाजवळ नसते. ते घनसावंगीच्या त्या वृद्धेजवळ असते, आणि त्यासाठी तिच्याकडे पुन्हा जावे लागते.